आजचा शब्द : अनोखा

मुलांनो, अनोखा म्हणजे आगळावेगळा. १९९५ साली लंडनच्या हॉक्स्टन स्क्वेअरमधील 'ब्लू नोट' क्लबात दर सोमवारी रात्री याच नावाचा कार्यक्रम सुरू झाला. तलविन सिंग तिथे तबल्याला ड्रम-अँड-बेसची जोड देत. जन्म लंडनचा, पण तबला ते पंजाबात गुरूंकडे शिकले होते. १९९८ साली त्यांचा 'ओके' हा अल्बम निघाला आणि १९९९ साली त्याला मर्क्युरी पारितोषिक मिळाले.

आपल्यापैकी काहींना तबल्याची पिशवी शाळेत न्यायला लाज वाटते. पण आपले वेगळेपण त्या पिशवीतच असेल तर? मात्र आधी रियाज, मग नाव!

शब्दार्थ : रियाज – रोजचा सराव. डग्गा – तबल्याच्या जोडीतला मोठा, घुमणारा भाग.

गृहपाठ : आपल्या घरातील एका अनोख्या गोष्टीवर पाच वाक्ये लिहा. आईबाबांची मदत चालेल.