लघवीची नळी किती दिवसांनी बदलावी?



पक्षाघात झालेले, मणक्याला मार लागून अधू झालेले, किंवा प्रोस्टेटची गाठ असून शस्त्रक्रिया न झेपणारे वडीलधारे माणूस घरात असले, की डॉक्टर लघवीची नळी (कॅथेटर) घालून घरी पाठवतात. पहिले चार दिवस सगळे बघतात. मग उसाला तोड आली की नळी कधी घातली हेच कुणाला आठवत नाही. म्हणून यंदा हा विषय घेतला.

“महिना झाला की बदला” असे पुष्कळ जण सांगतात. काही म्हणतात, वाहतेय ना, मग कशाला हात लावायचा? आमच्या मते दोन्ही अर्धवट. नळी कशाची आहे ते आधी पाहावे. पिवळसर रबरी (लॅटेक्स) नळीची मुदत थोड्या आठवड्यांची असते. शुद्ध सिलिकॉनची पारदर्शक नळी जास्तीत जास्त १२ आठवडे चालते. नुसता सिलिकॉनचा मुलामा दिलेली रबरी नळी म्हणजे सिलिकॉनची नळी नव्हे, दुकानात हे नीट विचारून घ्यावे. पाकिटावरची मुदत ही शेवटची हद्द आहे, तिथपर्यंत न्यायचीच असे नाही. उलट, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००९ साली सांगितले, की ठरावीक दिवस भरले एवढ्यावरून नळी बदलू नये. जंतुसंसर्ग झाला, नळी तुंबली, किंवा नळी-पिशवीचा जोड निसटला, तर बदलावी.

तुंबते कशी? युरिया टाकल्यावर रानात अमोनियाचा वास येतो ना, तोच प्रकार. नळीत वाढणारे काही जंतू लघवीतला युरिया फोडून अमोनिया करतात. मग क्षार खाली बसतात आणि ठिबकच्या नळीसारखी ही नळीही आतून चोंदते. एखाद्याची दोन महिने साफ राहते, दुसऱ्याची अठराव्या दिवशीच बंद. यासाठी कॅलेंडरवर लिहून ठेवा : घातल्याची तारीख, नळीचा प्रकार व नंबर, आतल्या फुग्यात किती पाणी भरले ते, आणि तुंबली तो दिवस. दोन-तीन वेळा १८-२० दिवसांनी तुंबली, तर डॉक्टरांना वही दाखवून १४-१५ व्या दिवशीच बदलायचे ठरवावे. रात्री-अपरात्री गाडी शोधण्यापेक्षा हे बरे.

पिशवीत थेंब येईना, ओटीपोट ताठले, बाजूने लघवी गळू लागली, तर आधी नळीला पीळ पडलाय का, पिशवी वर टांगली गेलीय का ते बघा. तसे नसेल तर लगेच दवाखाना. उजाडायची वाट बघू नये. मणक्याच्या रोग्याचे अशा वेळी डोके ठणकून घाम फुटला, तर जिवाला धोका समजावा. थंडी वाजून ताप आला तरी दाखवावे. नळी ओढून काढू नका, आत फुगा असतो.

लघवी नुसती गढूळ दिसली म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणू नयेत. महिनाभर नळी राहिली की जंतू जवळजवळ सगळ्यांच्याच लघवीत सापडतात. ताप-थंडी नसेल तर सहसा औषध लागत नाही.

पिशवी कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकेल अशी टांगावी, गच्च भरू देऊ नये, हात धुऊनच रिकामी करावी. आणि बदलायला न्याल तेव्हा दर खेपेला डॉक्टरांना विचारा, की अजून नळी लागतेच का?