पितृस्मरण : स्वकीयांसाठी आणि अनामिकांसाठी

मनुष्य जन्माला येतो तो देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे शिरावर घेऊनच, असे आपल्या शास्त्रकारांनी मानले आहे. यज्ञ व उपासना यांनी देवऋण, अध्ययनाने ऋषिऋण, तर संततीचे पालन आणि श्राद्ध-तर्पण यांनी पितृऋण फेडावे, अशी त्यांनी लावून दिलेली व्यवस्था होय. यांपैकी पितृऋण सर्वांत निकटचे. कारण हा देह, ही बोली, घरातील कुलाचार आणि पायाखालची जमीनही कोणा पूर्वजाच्याच कष्टांतून आपल्यापर्यंत पोहोचलेली असते. या ऋणाचे स्मरण श्रद्धेने करावयाचे, म्हणून त्या विधीस 'श्राद्ध' असे नाव मिळाले.

महालय पक्ष

भाद्रपद महिन्याचा कृष्ण पक्ष हा पितरांचा पक्ष मानला जातो. यालाच 'महालय' म्हणतात. कोकणात व खेडोपाडी याच शब्दाचे 'म्हाळ' असे सुटसुटीत रूप रूढ आहे. ज्या तिथीस मृत्यू झाला असेल, त्या तिथीस या पंधरवड्यात श्राद्ध केले जाते. अहेवपणी गेलेल्या स्त्रियांसाठी अविधवा नवमी, तर शस्त्राने किंवा अपघाताने मरण आलेल्यांसाठी चतुर्दशी राखून ठेवलेली आहे. ज्यांची तिथीच ठाऊक नाही, अशा सर्वांसाठी शेवटची सर्वपित्री अमावास्या आहे. दुसऱ्या दिवशी, म्हणजे आश्विन शुद्ध प्रतिपदेस, मुलीच्या मुलाने आपल्या आईच्या वडिलांचे श्राद्ध करावयाचे असते. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरण्याची प्रथा आहे.

हा पंधरवडा अशुभ असल्याची समजूत समाजात बरीच पसरली आहे. वास्तविक हा कृतज्ञतेचा काळ होय. या दिवसांत मंगलकार्ये टाळतात, याचा अर्थ दिवस वाईट आहेत असा नव्हे. मन एका कामी गुंतलेले असताना दुसरे काम हाती घेऊ नये, एवढाच त्यातील सरळ भाव घ्यावा.

नामोच्चाराचे महत्त्व

तर्पण करणारा दक्षिणेकडे तोंड करून बसतो, जानवे उजव्या खांद्यावर घेतो आणि अंगठा व तर्जनी यांच्या मधून तीळमिश्रित पाणी सोडतो. अंगठा व तर्जनी यांमधील या भागास 'पितृतीर्थ' अशी संज्ञा आहे. प्रथम पिता, पितामह आणि प्रपितामह यांचा नाव व गोत्रासह उच्चार होतो. त्यांना अनुक्रमे वसू, रुद्र आणि आदित्य यांच्या स्वरूपात पाहिले जाते. नंतर माता, पितामही व प्रपितामही. पुढे आईच्या माहेरच्या तीन पिढ्या. आणि मग काका, भाऊ, गुरू, मित्र अशी ही नावांची माळ वाढत जाते.

परंतु नावे तीनच पिढ्यांची का, असा प्रश्न जिज्ञासूंना पडतो. घरात कोणाचे निधन झाल्यानंतर सपिंडीकरण हा विधी होतो. त्यात गेलेल्या व्यक्तीचा पिंड तिच्या आधीच्या तीन पितरांच्या पिंडांत मिसळला जातो. त्या क्षणापासून ती व्यक्ती पितरांच्या पंक्तीत बसते आणि पंक्तीतील सर्वांत जुना पूर्वज एक पायरी मागे सरकतो. मागे सरकलेल्या पुढील तीन पिढ्यांना 'लेपभाज' म्हणतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र पिंड नसतो; पिंड देताना हाताला लागलेले अन्न दर्भावर पुसले जाते, तोच त्यांचा भाग. त्याहून मागचे पूर्वज नावाने ओळखले जात नाहीत. म्हणजेच आज ज्याचे नाव घेतले जाते, तोही एके दिवशी अनामिकांत मिसळणार, हे शास्त्रकारांनी ओळखले होते. म्हणूनच अनामिकांसाठीही त्यांनी विधीतच जागा ठेवली.

ज्यांचे कोणी नाही त्यांच्यासाठी

तर्पणाच्या अखेरीस ओले वस्त्र पिळण्याचा एक छोटासा विधी आहे. कुळात जन्मून निपुत्रिक गेलेल्यांना ते पिळलेले पाणी मिळावे, असा त्यामागील संकल्प. घाईघाईने विधी उरकणाऱ्यांच्या तो ध्यानातही येत नाही. परंतु ज्यांना पाणी देणारे कोणी उरले नाही, त्यांची तहान यात आठवली आहे.

भीष्माचार्य आजन्म ब्रह्मचारी राहिले. त्यांना संतती नव्हती. म्हणून माघ शुद्ध अष्टमीस, भीष्माष्टमीच्या दिवशी, रक्ताचे कोणतेही नाते नसलेल्यांनी त्यांना तर्पण करावे, अशी परंपरा आहे. ज्याला एकही पुत्र नव्हता, त्याला सारा समाज पाणी देतो, ही कल्पनाच हृद्य आहे.

पैठणचे संत एकनाथ महाराज यांच्या चरित्रातील प्रसंगही येथे स्मरणीय ठरतो. वाड्यात श्राद्धाचा स्वयंपाक सिद्ध झाला होता. त्याचा सुवास रस्त्याने जाणाऱ्या, समाजाने अस्पृश्य मानलेल्या भुकेल्यांना आला. नाथांनी व गिरिजाबाईंनी तेच अन्न त्यांना पोटभर वाढले आणि ब्राह्मणांसाठी पुन्हा स्वयंपाक केला. ब्राह्मणांनी बहिष्कार घातला, तेव्हा पितर स्वतः येऊन पानावर बसले, असे परंपरा सांगते. जिवंत भुकेल्याला दिलेला घास पितरांपर्यंत पोहोचतो, हे नाथांनी आचरणाने दाखवून दिले.

खर्चाविषयीही शास्त्राची दृष्टी उदार आहे. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याने गाईला चारा घालावा. तेही शक्य नसेल तर मोकळ्या रानात दोन्ही हात वर करून आपली असमर्थता सांगावी व भक्तीनेच पितरांनी तृप्त व्हावे अशी प्रार्थना करावी, असा आशय विष्णुपुराणात आला आहे. कर्ज काढून केलेल्या थाटाचे समर्थन यात कोठेही सापडत नाही.

अन्य परंपरांतील पितृस्मरण

नावाने स्मरण आणि निनावींसाठी राखलेली जागा, ही दोन्ही सूत्रे अन्य धर्मपरंपरांतही आढळतात. मुंबईतील पारशी बांधव वर्षाच्या अखेरचे १० दिवस 'मुक्ताद' म्हणून पाळतात. या काळात दिवंगतांच्या फ्रवशी, म्हणजे त्यांची दिव्य संरक्षक तत्त्वे, भेटीस येतात अशी त्यांची श्रद्धा आहे. अग्यारीत त्यांच्यासाठी फुलदाण्यांत ताजी फुले ठेवतात. दिवंगतांच्या नावांची 'नामग्रहण' नामक वही घरोघरी जपली जाते व प्रार्थनेत ती नावे वाचली जातात.

वसई व गोव्यातील कॅथॉलिक बांधव २ नोव्हेंबर रोजी दफनभूमीत जाऊन आप्तांच्या कबरींवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्या दिवसाची प्रार्थना सर्वच मृतात्म्यांसाठी असते. ज्यांच्यासाठी प्रार्थना करणारे कोणी नाही, तेही त्यात येतात. शब-ए-बारातच्या रात्री अनेक मुस्लिम कुटुंबे कब्रस्तानात जाऊन फातेहा पढतात आणि दानधर्म करतात.

बौद्ध परंपरेत भगवान बुद्धांचे शिष्य मौद्गल्यायन यांची कथा प्रसिद्ध आहे. प्रेतयोनीत उपाशी असलेल्या आपल्या मातेची सुटका त्यांनी भिक्षुसंघाला अन्नदान करून केली. या कथेशी निगडित असलेला सण चीनमध्ये सातव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेस होतो. त्यात वंशज नसलेल्या, भटकणाऱ्या भुकेल्या आत्म्यांनाही अन्न दिले जाते. जपानमध्ये हाच सण 'ओबोन' नावाने होतो. तेथे घरच्या पितरांच्या नैवेद्याशेजारी, ज्यांचे कोणीच नाही अशा मृतांसाठी वेगळा नैवेद्य ठेवण्याची रीत आहे. हिरोशिमा येथे ६ ऑगस्ट रोजी, १९४५ च्या अणुबॉम्बस्फोटात गेलेल्यांच्या स्मरणार्थ, कागदी दिवे नदीत सोडले जातात. त्या दिवशी कुटुंबेच्या कुटुंबे नाहीशी झाली होती.

आजची गरज

२०२० व २०२१ या वर्षांत करोनाच्या साथीने हाच अनुभव आपल्याही दारात आणला. अनेकांचे अंत्यसंस्कार आप्तांच्या अनुपस्थितीत झाले. काहींना अखेरचे पाणीही घरच्या हातचे मिळाले नाही. अशांचे स्मरण हे केवळ त्यांच्या कुटुंबांचे कर्तव्य नव्हे, ते सर्वांचेच आहे.

दुसरीकडे, घरातील नावेही झपाट्याने विसरली जात आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया येथील तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या अनेक पिढ्यांच्या नोंदी असलेल्या वह्या आहेत. पणजोबांचे नाव तेथे सापडू शकते. परंतु जुन्या नोंदींत नावे प्रामुख्याने पुरुषांचीच असतात. पणजीचे माहेरचे नाव तर लग्नाच्या दिवशीच मागे पडलेले असते. तर्पणात तिच्या नावाची ओंजळ आहे. नाव सांगणारे मात्र घरात कोणी उरत नाही.

भाविकांसाठी सूचना

१. श्राद्धविधीस येण्यापूर्वी वडील व आई या दोन्हीकडील तीन पिढ्यांची नावे, गोत्र व तिथी घरातील वृद्धांना विचारून लिहून आणावीत. स्त्रियांची माहेरची नावेही आवर्जून नोंदवावीत.

२. तिथी ज्ञात नसल्यास संकोच न बाळगता सर्वपित्री अमावास्येस श्राद्ध करावे.

३. पुत्राच्या अभावी पत्नी, कन्या, दौहित्र इत्यादींचा अधिकार धर्मग्रंथांनी मान्य केला आहे. केवळ पुत्र नाही म्हणून कोणाचे स्मरण थांबू नये.

४. कुळातील निपुत्रिक, परिचित निराधार आणि साथीत वा अपघातात गेलेले अनामिक यांच्यासाठी एक ओंजळ अवश्य द्यावी.

५. ऐपतीपेक्षा अधिक खर्च करू नये. दानाची इच्छा असल्यास अन्नदानास प्राधान्य द्यावे.

६. वस्त्रे, प्लास्टिकच्या पिशव्या व उरलेले साहित्य नदीपात्रात टाकू नये. जे पाणी पितरांना द्यावयाचे, ते निर्मळ राखणे हीदेखील पितृसेवाच होय.

नावांची वही आज लिहिली गेली, तर नातवंडांच्या ओंजळीत ती नावे राहतील. पुढे कधीतरी ती नावेही पुसली जातील. त्या वेळी कोणी अपरिचित भाविक तीर्थावर उभा राहून, ज्यांचे कोणी नाही त्यांच्यासाठी ओले वस्त्र पिळील आणि ते पाणी त्यांच्यापर्यंतही पोहोचेल. पितृऋणाची परतफेड अशी पिढ्यान्पिढ्या एकमेकांसाठी करावयाची असते.