इंग्रजी पत्रव्यवहारातील भविष्यकाळ

व्यापाऱ्याच्या पत्रातील निम्मी वाक्ये उद्याविषयी असतात. माल केव्हा निघेल, रक्कम केव्हा पोहोचेल, भाव काय पडेल. मराठीत ही वाक्ये आपण बिनचूक लिहितो. इंग्रजी लिहिताना मात्र सर्वत्र 'विल' घालून मोकळे होतो. त्यामुळे आपल्या शब्दाचे वजन वाचणाऱ्यास नीट कळत नाही.

मराठीत 'पाठव' या धातूस प्रत्यय लागून 'पाठवू' हे रूप सिद्ध होते. इंग्रजी धातूस असा भविष्यकाळाचा प्रत्यय नाही. तेथे साहाय्यक क्रियापदांनी अथवा वर्तमानकाळाच्या रूपांनीच काम भागवावे लागते. मुख्य प्रकार असे :

१. 'वुई विल सेंड द गुड्स.' माल पाठवू. हा या क्षणी केलेला निश्चय किंवा दिलेले वचन होय. अंदाज सांगतानाही 'विल' चालते.

२. 'वुई आर गोइंग टु ओपन अ शॉप.' दुकान उघडणार आहोत. बेत आधीच ठरला आहे.

३. 'वुई आर सेंडिंग द गुड्स ऑन मंडे.' येथे नुसता बेत नाही. सोमवारची व्यवस्थाही झाली आहे.

४. 'द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स.' वेळापत्रकाने ठरलेल्या गोष्टीस साधा वर्तमानकाळ योजतात.

करारपत्रात 'द सेलर शॅल डिलिव्हर' असे असल्यास तो नुसता भविष्यकाळ समजू नये. विक्रेत्यावर घातलेले ते बंधन असते. सही करण्यापूर्वी असे प्रत्येक वाक्य पुन्हा वाचावे.

आता एक नेहमीची चूक. 'उद्या माल आला, तर पैसे देऊ' या मराठी वाक्यात 'आला' हे रूप भूतकाळाचे, पण अर्थ उद्याचा. इंग्रजीत अशा ठिकाणी वर्तमानकाळ येतो : 'इफ द गुड्स अराइव्ह टुमॉरो, वुई विल पे.' 'इफ' किंवा 'व्हेन' यांनी आरंभ होणाऱ्या अशा पोटवाक्यात 'विल' घालू नये. ते मुख्य वाक्यातच शोभते. मात्र 'इफ यू विल काइंडली साइन' हे शुद्ध आहे. कारण तेथे 'विल' काळ दाखवीत नाही, समोरच्याची राजीखुशी विचारते.

तात्पर्य, लेखणी उचलण्यापूर्वी स्वतःस विचारावे : ही केवळ इच्छा आहे, ठरलेला बेत आहे, की गाडीत भरलेला माल? जे खरे असेल तेच रूप लिहावे. नुसत्या बेतास झालेल्या व्यवस्थेचे रूप दिले, तर चूक व्याकरणाची राहत नाही. ती पेढीच्या पतीवर येते.