आडवा पाइप गाळू नकोस

अगं, बाइकला इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचे नवे बेंडपाइप करून घेतेस तर घे. स्टेनलेस चांगलंच, पावसाळ्यात गंजाची कटकट नाही. पण तुझा भोसरीचा फॅब्रिकेटर म्हणतोय म्हणून दोन्ही पाइपांना जोडणारा मधला आडवा पाइप गाळू नकोस. त्याचं एक जोडकाम वाचेल, तुझे थोडे पैसे वाचतील. पण गाडी खालच्या आरपीएमला आत्तासारखी ओढणार नाही, आणि आवाज वाढेल तो वेगळाच.

कारण समजून घे, म्हणजे त्याच्यासमोर ठामपणे बोलता येईल. तुझ्या इंटरसेप्टरचं इंजिन 648 सीसीचं, दोन सिलिंडरचं, आणि क्रँक 270 अंशांचा. दोन्ही सिलिंडर सारख्या अंतराने पेटत नाहीत. एक पेटला की 270 अंशांनी दुसरा, मग 450 अंशांची लांब विश्रांती. ज्या धडधडीवर तू भाळलीस ती यातूनच येते. एका बाजूचा गॅस दाबाने सुटतो तेव्हा दुसऱ्या बाजूच्या पाइपात दाब कमी असतो. मध्ये जोड असला की त्या एका धक्क्याला दोन सायलेन्सरांची वाट मिळते. म्हणून आवाज उतरतो आणि मधल्या पट्ट्यात इंजिन मोकळा श्वास घेतं. 52 न्यूटन-मीटर टॉर्कपैकी 80 टक्के 2500 आरपीएमपासूनच मिळतो, असं कंपनी सांगते. तुला रोज तोच लागतो. रहाटणीहून नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकणला जाताना सात हजार आरपीएमला गाडी न्यायला जागा तरी कुठे मिळते?

आता जोड नेमका कुठे द्यायचा ते सांगते. तापलेल्या गॅसमधून दाबाची लाट सेकंदाला साधारण 550 मीटर धावते. झडपेपासून जोड 60 सेंटिमीटरवर असेल, तर लाटेला तिथे आपटून परत यायला सव्वादोन मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. तेवढ्यात क्रँक 3000 आरपीएमला 40 अंश फिरतो, 6000 ला 80 अंश. म्हणून जोड हेडजवळ आणला की त्याचा फायदा वरच्या आरपीएमकडे सरकतो, मागे नेला की खालच्या. 1969 साली ट्रायम्फ बॉनव्हिलला असा जोड आला तो अगदी हेडजवळ. पण फार मागे, सायलेन्सरच्या तोंडाशी नेलास, तर तोवर धक्क्यातला जोर गेलेला असतो. आवाजात थोडा फरक पडेल, पिकअपमध्ये जवळजवळ नाही. तुझ्या वापराला इंजिनाखालची जागाच बरोबर, जिथे दोन्ही पाइप वळण संपवून समांतर होतात. तिथे जोड आखूड राहतो, सरळ बसतो.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेव. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी जोड द्यायचा नाही. दोन सिलिंडरचा गॅस सेन्सरपाशी पोचण्याआधीच मिसळला, तर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कुठल्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडतंय ते कळणारच नाही. सेन्सर ओलांडल्यावर, सायलेन्सरच्या बाजूला जोड घे, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे. तो कन्व्हर्टर कापून टाकायचा सल्ला कुणी दिला, तर त्याच्याकडून गाडी बाहेर काढ.

मापं तू स्वतः घे. दोन्ही झडपांपासून जोडापर्यंतचं अंतर सारखं हवं, आणि ते वाकणाच्या मध्यरेषेवरून सुतळी धरून मोजायचं. जोडाचा व्यास मुख्य पाइपाएवढा किंवा किंचित कमी असू दे. दोन्ही बाजू पक्क्या वेल्ड करू देऊ नकोस. अर्ध्या मीटरचा स्टेनलेस पाइप 500 अंशांनी तापला की चारेक मिलिमीटर लांबतो, आणि दोन्ही पाइप अगदी सारखे कधीच तापत नाहीत. सगळं जखडलं की चीर वेल्डच्या कडेलाच पडते. एक बाजू सरकती ठेवून क्लॅम्प लाव, पण तो हवाबंद हवा. तिथून हवा आत खेचली गेली की थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजतात. आणि आर्गॉन वेल्डिंग गाडीवर नको, पाइप उतरवूनच. गाडीवर टॅक, म्हणजे तात्पुरते टाके, मारायचे असले तरी आधी बॅटरी सोडायची.

रंगाची युक्ती कुणीतरी सांगेलच. अमेरिकेत व्ही-8 गाड्यांचे हौशी लोक पाइपावर साध्या रंगाची रेघ ओढतात, इंजिनावर जोर देऊन गाडी चालवतात आणि रंग जिथपर्यंत जळतो तिथे जोड देतात. लांब पाइपांच्या मोटारीला ते ठीक आहे. बाइकला मुळात वीतभरच जागा, त्यात रंग सगळीकडेच जळतो. त्यापेक्षा गाडीवर बसून खालची उंची बघ. रहाटणी-काळेवाडीच्या स्पीडब्रेकरला जोड घासला, तर बाकीचा सगळा हिशोब वाया.

तुझ्या मित्राच्या जावाला हे करायला मात्र जाऊ नका. तिथे सायलेन्सर दोन असले तरी सिलिंडर एकच. दोन्ही बाजूंना दाब एकाच वेळी येतो, मग मधून वाहणार काय? आणि आरडी 350 सारख्या टू-स्ट्रोकचे पाइप तर कधीच जोडायचे नाहीत. तिथे प्रत्येक सिलिंडरला त्याचा स्वतःचा सायलेन्सर लाट परत पाठवून ताजं मिश्रण आत रोखून धरतो. त्यात दुसऱ्याची लाट घुसली की सगळं बिघडतं.

कायद्याचंही बोलते, कारण चलन तुझ्याच नावावर येणार. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि पोलिसांचं पहिलं लक्ष आवाजाकडे जातं. आडवा पाइप ठेवलास तर निदान आवाज तरी ताब्यात राहील. तरी माझं मत विचारशील तर रोजच्या गाडीला कंपनीचेच बेंडपाइप सगळ्यात बरे. करायचेच ठरवलं असशील तर मूळचे पाइप भंगारात देऊ नकोस, गुंडाळून माळ्यावर ठेव. आणि पक्कं वेल्डिंग करण्याआधी टॅक मारलेल्या जोडाचा फोटो मला पाठव.