देवाच्या शेतांतील फुलें

शेतकरी बीं मातीखालीं घालतो तेव्हां तो शोक करीत बसत नाहीं. तें उगवेल अशी त्यास आशा असते. मोरेव्हियन मंडळीचे लोक आपल्या दफनभूमीस ‘देवाचें शेत’ म्हणतात, तें ह्याच आशेनें.

जर्मनींतील हेर्नहुट गांवीं १७३२ सालीं ईस्टरच्या पहांटे कांहीं तरुण बंधु कबरस्थानांत गेले व पुनरुत्थित प्रभूचीं स्तोत्रें गाऊं लागले. पुढें ही रीत समुद्रापलीकडे गेली. अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना प्रांतांतील सेलम येथें अशी पहिली उपासना १७७२ सालीं झाली.

तेथें ईस्टरच्या आदल्या दिवशीं घरोघरचीं माणसें बादल्या, कुंचले व फुलें घेऊन येतात. कोणी पाणी आणितो, कोणी शिळा घासतो, कोणी फुलें मांडितो. सर्व शिळा सपाट व सारख्या; श्रीमंताची उंच नाहीं कीं गरिबाची ठेंगणी नाहीं. पुरण्याचा क्रमहि कुळाप्रमाणें नसतो. विवाहित पुरुष, विवाहित स्त्रिया, अविवाहित व मुलें ह्यांचे भाग वेगळे असतात. म्हणून आजाआजींस फुलें ठेवणाऱ्या नातवास दोन ठिकाणीं जावें लागतें, आणि दोन्ही ठिकाणीं त्याच्या शेजारीं दुसऱ्याच घरचीं माणसें गुडघे टेकून काम करीत असतात.

कोणी विचारील, ही मृतांची पूजा नव्हे काय? नव्हे. येथें मृतांस कोणी नैवेद्य दाखवीत नाहीं, त्यांजकडे कांहीं मागत नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे मंडळी त्याच फुलांमध्यें उभी राहून जिवंत प्रभूवरील विश्वास पदरीं असल्याचें कबूल करिते. सुगंधी द्रव्यें घेऊन गेलेल्या स्त्रियांसहि कबर रिकामी आढळली होती.

आपल्यांतील कित्येकांच्या वाडवडिलांस जिवंतपणीं गांवच्या विहिरीवर पाणी भरूं दिलें नाहीं. मग देवाच्या शेतांत आपण जातीजातींचे निराळे वाफे कां आंखावे? उपदेशक बंधूंनीं येत्या ईस्टरपूर्वीं सर्व घरांस एकत्र बोलवावें. गवत काढावें, दगड धुवावे, झेंडू, मोगरा, जें मिळेल तें आणावें. आणि ज्याचें मागें कोणी उरलें नाहीं, त्याच्या कबरेवर पहिलें फूल ठेवावें.

प्रश्न : (१) सेलम येथील शिळा सारख्या कां? (२) आपल्या गांवीं कोणाची कबर विसरली गेली आहे?