कळपातला रोग आणि घरातला रोग

शास्त्रवाचन : १ शमुवेल २:१२-२६, लूक १५:११-३२

पाठाचा हेतू : बापाची बाजू न्यायाची असूनही मुलगा त्याला का दुरावतो, आणि घरातला तरुण या दोघांपैकी कोणाकडे पाहून शिकतो, याचा विचार करणे.

या पाठासाठी शास्त्रभागांच्या जोडीला एक चित्रपट घेतला आहे. हे वाचून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतील. चित्रपट धार्मिक नाही आणि त्यात कोणाचे मनपरिवर्तनही होत नाही. परंतु एका घरात बाप, मुलगा व नातू यांच्यामध्ये काय घडते, हे त्यात इतके खरेपणाने दाखवले आहे की आपल्या तरुण संघात व पालकांच्या सभेत त्यावर चर्चा होणे हिताचे ठरेल. मात्र त्यात दारूबाजी व एका स्त्रीवरील हल्ल्याचा प्रसंग असल्याने तो लहान मुलांना दाखवू नये.

१. कथा

चित्रपटाचे नाव ‘हड’. मार्टिन रिट यांनी दिग्दर्शित केलेला हा अमेरिकन चित्रपट १९६३ साली निघाला. लॅरी मॅकमर्ट्री यांच्या १९६१ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. कादंबरीत हड हा म्हाताऱ्याचा सावत्र मुलगा आहे. चित्रपटात तो सख्खा मुलगा केला आहे. त्यामुळे भांडण सरळ बापलेकांचे झाले.

कथा टेक्सासच्या माळरानावर घडते. तिथे रँच म्हणजे गुरे पाळण्यासाठी राखलेले अफाट कुरण. होमर बॅनन हा वृद्ध, करारी, शब्दाला जागणारा मनुष्य अशा रँचचा मालक आहे. मुलगा हड चौतीस वर्षांचा, देखणा, बोलण्यात हुशार, पण दारू, मोटार आणि दुसऱ्यांच्या बायका यांतच रमलेला. घरात सतरा वर्षांचा नातू लॉनी आहे. त्याचा बाप नॉर्मन, म्हणजे हडचा भाऊ, पंधरा वर्षांपूर्वी मोटार अपघातात मेला. मोटार हड चालवत होता आणि तो प्यालेला होता. घरकाम व स्वयंपाक अल्मा नावाची बाई पाहते.

एके दिवशी एक कालवड मेलेली आढळते. होमर, हडचा विरोध असतानाही, सरकारी पशुवैद्याला बोलावतो. संशय लाळ-खुरकतीचा निघतो.

२. कळपातला रोग

आपल्या खेड्यांतल्या वाचकांना हा रोग नव्याने सांगायला नको. तोंडात व खुरांत फोड येतात, लाळ गळते, जनावर खाणे सोडते. आपल्याकडे सरकार यावर लस टोचते; २०१९ पासून त्यासाठी देशव्यापी कार्यक्रमही सुरू झाला. अमेरिकेची गोष्ट निराळी. त्या देशात १९२९ नंतर हा रोग उद्भवलेला नाही. म्हणून तो एका कळपात शिरला तर तो संपूर्ण कळप मारून पुरायचा, हीच तिथली रीत. शेजारच्या मेक्सिकोत १९४६ मध्ये ही साथ उसळली व ती पुरती आटोक्यात यायला १९५४ साल उजाडले. होमरने मेक्सिकोतूनच स्वस्तात गुरे आणलेली असतात. त्यामुळे संकट त्याच्याच व्यवहारातून आलेले असावे, असा ठपका हड त्याच्यावर ठेवतो.

तपासणीचा निकाल यायला काही दिवस आहेत. हड सुचवतो, बातमी फुटण्यापूर्वी गुरे विकून टाकू या. सगळे जग लबाडीवर चालते, मग आपणच का मागे राहायचे, असा त्याचा युक्तिवाद. होमर साफ नकार देतो. आपल्या पैशासाठी रोग दुसऱ्याच्या गोठ्यात पाठवायचा, हे त्याला मान्य नाही. निकाल वाईट येतो. सारा कळप खड्ड्यात उतरवून गोळ्या घालून मारला जातो. मागे राहतात दोन लांब शिंगांची जुन्या जातीची जनावरे. ती होमरने हौसेने पाळलेली असतात. त्यांना तो स्वतःच्या हाताने गोळ्या घालतो. आयुष्यभराची कमाई त्याने अशी प्रामाणिकपणापायी मातीत घातली. या बाबतीत तो पूर्णपणे बरोबर होता.

३. घरातला रोग

आता घरात पाहू या. हडला वाटते, नॉर्मनच्या मृत्यूमुळे बाप आपला राग करतो. म्हातारा त्याला सांगतो की कारण ते नव्हे. तू माझ्या मनातून त्याच्या पुष्कळ आधीच उतरला होतास. तुला कोणाचीच पर्वा नाही, तू फक्त स्वतःसाठी जगतोस, हा त्याचा आरोप आहे. आरोप खोटा नाही. पुढे हड बापाला कारभार चालवण्यास अपात्र ठरवून रँच ताब्यात घेण्याची खटपट करतो. दारूच्या नशेत तो अल्मावर हात टाकतो. लॉनी मध्ये पडल्यामुळेच ती वाचते, आणि घर सोडून जाते.

तरीसुद्धा बापाचे ते वाक्य पुन्हा वाचा. पंधरा वर्षांहून अधिक काळ त्याने मुलाविषयी एक निकाल मनात धरून ठेवला होता. रोज एका मेजावर जेवताना तो त्याला कधी सांगितला नाही, आणि सांगितला तेव्हा त्यात परतीची वाट ठेवली नाही. एलीच्या बाबतीत शास्त्र दाखवते की त्याने मुलांना शब्दांनी दटावले, पण आवरले नाही. होमरचे नेमके उलट झाले. त्याने नियम पाळला, घराण्याचे नाव राखले, पण मुलाजवळ गेला नाही. कळपाची तपासणी त्याने पहिल्याच दिवशी करवली. मुलाच्या दुखण्याची कधीच केली नाही. लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप धाकट्याकडे धावत जातो, आणि रुसून बाहेर राहिलेल्या थोरल्याची समजूत घालायलाही स्वतः बाहेर येतो. दोन्ही वेळा पहिले पाऊल बापाचे आहे.

याने हडचा दोष कमी होतो असे कोणी समजू नये. चौतीस वर्षांच्या मनुष्याला आपल्या कृत्यांचा जाब स्वतःच द्यावा लागतो.

४. पाहणारा तरुण

लॉनीला आजोबांचा आदर आहे, पण ओढ हडची. म्हातारा हे जाणतो. हडच्या गोडव्यामुळे पोरांना त्याच्यासारखे व्हावेसे वाटते, याची त्याला भीती आहे. आपण ज्यांचे कौतुक करतो त्यांच्यामुळे देशाचे रूपच हळूहळू पालटते, असे तो नातवाला समजावतो. पशुवैद्याला न दिसणारा संसर्ग हाच.

ही भीती चित्रपटगृहातही खरी ठरली. हडची भूमिका पॉल न्यूमन यांनी केली होती. प्रेक्षकांनी या माणसाचा धिक्कार करावा, असा चित्रपट करणाऱ्यांचा हेतू होता. पण तरुण प्रेक्षकांनी त्यालाच नायक मानले, आणि याचे रिट व न्यूमन यांना आश्चर्य वाटले. होमरचे काम करणारे मेल्व्हिन डग्लस व अल्माचे काम करणाऱ्या पॅट्रिशिया नील या दोघांनाही ऑस्कर पारितोषिक मिळाले. तरी भिंतीवर चित्र लागले ते हडचेच.

शेवटी होमर घोड्यावरून पडून मरतो. अंत्यविधीच्या वेळी लॉनीला सांत्वन केले जाते की आजोबा अधिक चांगल्या ठिकाणी गेले. तो ते मान्य करत नाही. आपण उपदेश करणाऱ्यांनी येथे थांबून विचार करावा. आजोबा जिवंत असताना त्या घरात कोणी पाऊल टाकले नाही, तर थडग्यापाशी बोललेले शब्द पोराला पोकळच वाटणार. लॉनी घर सोडून जातो. हड एकटा घरात शिरतो आणि दार लावून घेतो. रँच त्याला मिळाली, पण बोलायला माणूस उरला नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. गुरे विकावीत की नाही, या वादात हडचा युक्तिवाद आपल्या धंद्यात किंवा नोकरीत कोणत्या रूपाने ऐकू येतो?

२. होमरने मुलाला ते वाक्य केव्हा व कोणत्या शब्दांत सांगायला हवे होते?

३. एली, होमर आणि लूकमधील बाप यांची तुलना करा. आपल्या घरातला बाप कोणासारखा आहे?

४. तरुणांसाठी : तुम्हांला आवडणाऱ्या माणसाचे नाव मनात आणा. त्याच्या घरची माणसे त्याच्याविषयी काय सांगतील?

५. आपल्या मंडळीत बापलेकांचे बोलणे बंद झालेले घर आहे काय? पुढच्या सभेपूर्वी तिथे कोण जाईल, ते आजच ठरवा.