इसार देण्याआधी

आमच्या रात्रीच्या वर्गाला धारावीतल्या एक बाई येत असत. सकाळी चार घरचा स्वयंपाक, दुपारी डबे, रात्री पाटी-वही. यजमान दादरला कापडाच्या दुकानात नोकरीला. दोघांची मिळून महिन्याची मिळकत 42 हजार. त्यातले 9 हजार खोलीच्या भाड्याला जात. बारा वर्षे पैपै साठवून त्यांनी साडेसहा लाख रुपये जमवले होते.

एके दिवशी बाईंनी एक रंगीत कागद आणला. "हे जरा वाचून दाखवा," म्हणाल्या. आम्ही म्हणालो, "तुम्हीच वाचा की." त्यांनी अक्षरावर बोट ठेवून वाचले : डोंबिवली. 430 फूट. फक्त 24 लाख.

दलालाने सांगितले होते, "ताई, आज एक लाख रोख द्या, जागा तुमची. कागद मागाहून करू." हे एक लाख म्हणजे इसार. आजकाल त्याला टोकन म्हणतात.

आम्ही म्हणालो, "द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. पण आधी हिशेब मांडू."

पहिला हिशेब फुटांचा. घर मोजायचे ते कार्पेटने. कार्पेट म्हणजे घराच्या आतली, पाय ठेवता येईल अशी जागा. आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. जिना आणि लिफ्टही नाही. बाईंनी दलालाकडून नकाशा मागून आणला. त्यात बारीक अक्षरात लिहिले होते, 28 चौरस मीटर. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. गुणाकार बाईंनीच केला. उत्तर आले 301. म्हणजे सव्वाशेहून जास्त फूट नुसते तोंडी होते! फुटाला साडेपाच हजार वाटणारा भाव खरा आठ हजारांचा निघाला.

दुसरा हिशेब कर्जाचा. बँकेकडून 20 लाख घेतले, व्याज शेकडा 9 धरले आणि मुदत 20 वर्षांची घेतली, तर महिन्याला सुमारे 18 हजारांचा हप्ता पडतो. वीस वर्षांत एकूण 43 लाख फेडावे लागतात. बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे एक घर आपल्याला, आणि एक बँकेला!"

यावर मुद्रांक शुल्क, म्हणजे स्टँप ड्युटी. मुंबईत ती शेकडा 6 आहे. गावोगावी दर थोडा वेगळा असतो. नोंदणीची फी शेकडा 1, पण 30 हजारांच्या वर नाही. बांधकाम चालू असलेल्या घराला जीएसटीही लागतो. चार लाख घराचे आणि वरचा हा खर्च मिळून सहा लाख जातात. मग शिल्लक काय? पन्नास हजार. त्यात सामान हलवायचे, सोसायटीला भरायचे, आणि कुणी आजारी पडले तर तेही त्यातूनच.

बाई म्हणाल्या, "दलाल तर म्हणतो, बँकेत जाऊच नका, आमच्या ओळखीची पतपेढी आहे."

इथे आम्हाला शंका आली. बँक कर्ज देण्याआधी वकिलाकडून कागद तपासून घेते. आपले पैसे बुडू नयेत म्हणून घेते, आपल्यावरच्या प्रेमाने नाही. पण त्यात आपलेही कागद तपासून होतात. ज्या इमारतीवर बँका कर्ज देत नाहीत, ती इमारत स्वस्त असते ती उगाच नव्हे.

2016 साली रेरा नावाचा कायदा झाला. त्याप्रमाणे बिल्डरला करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या शेकडा 10 हून जास्त रक्कम घेता येत नाही. प्रकल्पाला महारेराचा नंबर मिळतो. तो 'पी' या अक्षराने सुरू होतो आणि जाहिरातीत छापावा लागतो. बाईंच्या भाचीने तो मोबाइलवर पाहिला. नंबर होता! बाई खूश झाल्या.

पण तेवढ्यावर थांबू नये. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींना महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून रेराचे नंबर मिळवलेले होते. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा हुकूम दिला. त्यात राहणाऱ्यांनी काही चोरी केली नव्हती. कष्टाचे पैसे मोजून घरे घेतली होती. म्हणून परवानगीच्या कागदावरचा नंबर आणि तारीख लिहून घेऊन महापालिकेच्या नगररचना खात्यात जावे, आणि असा कागद खरेच दिला होता का, ते विचारावे.

बाई रविवारखेरीज कधी सुट्टी घेत नसत. त्या दिवशी घेतली. खात्यातल्या कारकुनाने दप्तर पाहिले आणि मान हलवली. त्या नंबरची परवानगी दुसऱ्याच इमारतीची होती. बाईंनी लाख रुपये दिले नाहीत. दलाल फोनवर म्हणाला, "ताई, तुम्ही फार वाचता."

मग त्यांनी म्हाडाच्या सोडतीचा अर्ज भरला. वर्षाची मिळकत 6 लाखांच्या आत, म्हणून मुंबईच्या भागात त्या अत्यल्प उत्पन्न गटात बसल्या. नंबर लागला नाही. अनामत रक्कम परत आली. आम्हाला वाटते, अर्ज दर खेपेला करावा. दलाल मात्र मध्ये घेऊ नये, तिथे त्याचे काही कामच नसते.

शेवटी घर मिळाले ते अंबरनाथला. वीस वर्षांची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, 280 फूट. किंमत 19 लाख. राहते घर म्हणून जीएसटी नाही. भोगवटा प्रमाणपत्र होते, सोसायटीचा शेअरचा दाखला होता, आधीच्या खरेदीखताची नोंदही मिळाली. बँकेने 15 लाख दिले. हप्ता साडेतेरा हजार. दादरची गाडी लांबची झाली, यजमानांना पहाटे उठावे लागते. त्यावरून घरात अजून कुरबुर चालते. पण घर एकट्या बाईंच्या नावावर आहे. घेणारी फक्त बाई असेल तर मुद्रांक शुल्कात शेकडा 1 सूट मिळते. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतले तर ती मिळत नाही. हे ऐकल्यावर यजमान लगेच कबूल झाले!

नोंदणीच्या दिवशी आम्ही साक्षीदार म्हणून गेलो होतो. बाईंनी प्रत्येक पानावर सही केली. मग कारकून म्हणाला, "आता इथे अंगठा द्या." बाईंचा चेहरा पडला. "मला सही येते," त्या म्हणाल्या. कारकून हसला. "बाई, इथे वकिलाचाही अंगठा घेतात." बाईंनी मागे वळून आमच्याकडे पाहिले आणि अंगठा टेकवला.